गोल डोक्याचे छरे आणि एक कावळा

सबंध कंधारात छऱ्याची पारख कुणाला असेल तर ती आपल्यालाच, असं नरसिंगराव सांगत. ऐकायला बहुतेक वेळा बसलिंगप्पा असायचा, कारण दुसऱ्या कुणाला छऱ्यात रस नव्हता. बसलिंगप्पालाही नव्हता. पण त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, छरे तोच नांदेडहून मागवून देत होता, आणि गिऱ्हाईक बोलायला लागलं की दुकानदाराला ऐकावं लागतं.

“प्रत्येक बंदुकीला तिचा म्हणून एक छर्रा असतो, अप्पा,” नरसिंगराव म्हणत. “तो सापडला की नेम चुकायचं कारणच उरत नाही.”

“आणि सापडेपर्यंत?”

“सापडेपर्यंत बंदूक हट्ट करते.”

“बंदूक करते व्हय,” बसलिंगप्पा म्हणायचा. “मला वाटलं दुसरंच कुणी करतंय.”

नरसिंगराव मूळचे मापाडी. उभी हयात लातूरच्या आडत बाजारात तूर, हरभरा, सोयाबीनची पोती काट्यावर चढवण्यात गेली. पोत्याकडं नुसतं बघून ते वजन सांगत, आणि चुकलं तर काटा तपासायला लावत. निवृत्त झाल्यावर कंधारच्या कडेला बांधलेल्या घरात नवरा-बायको राहायला आले. पुढं अंगण, अंगणात गुणाबाईंनी लावलेलं पेरूचं झाड. पेरू गोड निघाला आणि आजूबाजूच्या सगळ्या राघूंना त्याचा पत्ता लागला.

राघू हाकलायचं काम गुणाबाईंचं होतं. त्या स्वयंपाकघरातूनच एक हाळी द्यायच्या. बाहेर यायची गरज नसायची. राघू उडायचे, दारातली शेळी उठून उभी राहायची, आणि शेजारची अंबिका हातातलं काम थांबवून आपल्यालाच बोलावलं का ते बघायची. नरसिंगरावांचा आवाज मुळात बारीक. तिकडं काटा बोलायचा, घरात बायको बोलायची. त्यांना आवाज चढवायची वेळच आली नव्हती.

मागच्या वर्षी गुणाबाई गेल्या. आठ-दहा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, ते रिकामं झालं. मग राघूंचं फावलं. नरसिंगरावांनी एकदा अंगणात उभं राहून हाळी देऊन पाहिली. एका राघूनं मान वाकडी करून त्यांच्याकडं पाहिलं आणि पेरू खायला घेतला.

म्हणून बंदूक आली. स्प्रिंगची, छऱ्याची, जत्रेत फुगे फोडायला असते त्या जातीची, पण जरा बरी. राघू मारायचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. त्यांची योजना साधी होती. गुणाबाईंच्या पिठाच्या डब्याचं झाकण दोरीनं पेरूच्या फांदीला टांगायचं. राघू आले की ओसरीवरून झाकणाला छर्रा मारायचा. टण्ण असा आवाज होईल, राघू उडतील. राघूला धक्का नाही, पेरूला धक्का नाही.

“दगड मारला तर?” बसलिंगप्पानं विचारलं.

“दगडाला नेम नसतो.”

“मग खालून दोरी हालवा की झाकणाची.”

 हे नरसिंगरावांना सुचलं नव्हतं. “त्यात काय मजा,” ते म्हणाले, आणि छऱ्यांची पहिली डबी घेऊन घरी गेले.

पहिल्या आठवड्यात झाकण सोडून बाकी सगळ्याला छरे लागले. पेरूंना लागले, भिंतीला लागले, अंबिकाच्या कपडे भिजवायच्या टबाला लागले. अंबिका टब घेऊन आली आणि भोकातून त्यांच्याकडं पाहात म्हणाली, “काका, ह्यातून तुमी दिसून राहिलेत.” नरसिंगरावांनी नवा टब आणून दिला आणि हे लातूरला ऋतुजाच्या कानावर घालू नकोस, असं सांगितलं. अंबिका म्हणाली, “मी कशाला सांगू?” हे तिनं ज्या पद्धतीनं म्हटलं ते नरसिंगरावांना फारसं आवडलं नाही.

ऋतुजा त्यांची एकुलती एक मुलगी. जावई बालाजीराव लातुरात क्लासमध्ये गणित शिकवत. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. आई गेल्यापासून ऋतुजाचं एकच चाललं होतं, बाबा, लातूरला चला. नरसिंगराव दर वेळी म्हणत, वर्ष होऊ दे. वर्षाच्या आत घराला कुलूप लावायचं नसतं, असा एक नियम त्यांनी स्वतःच तयार केला होता. बंदुकीचं तिला कळलं असतं तर ती त्याच दिवशी गाडी घेऊन आली असती.

आपण चुकत नाही, छरे चुकतात, हे नरसिंगरावांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आता कोणते चुकत नाहीत ते शोधायचं होतं. त्यांनी ओसरीवर बाज टाकली, तिच्यावर ज्वारीचं अर्धं पोतं ठेवलं आणि त्यावर बंदूक टेकवली. समोरच्या भिंतीला जुन्या लग्नपत्रिका लावल्या. एका जातीचे छरे एका पत्रिकेवर मारायचे आणि भोकं किती जवळजवळ पडतात ते बघायचं. जवळ पडली तर छर्रा इमानी, विखुरली तर बेइमान.

बसलिंगप्पानं आधी टोकदार छरे दिले. दिसायला भाल्यासारखे. “ह्याला भारी मागणी असती,” तो म्हणाला. टोकदार छऱ्यांनी नवरीच्या नावापासून मंगल कार्यालयाच्या पत्त्यापर्यंत सगळीकडं भोकं पाडली. मग चपट्या डोक्याचे आणले. ते कागदाला सुरेख गोल भोक पाडत, पण नळीत इतके सैल बसत की बंदूक खाली केली तर घरंगळून बाहेर येत. मग नरसिंगरावांच्या मापाडी डोक्यानं ठरवलं की वजनदार तोच खरा. सगळ्यात जड छरे मागवले. ते झाकणापर्यंत पोचायच्या आधीच दमले. स्प्रिंगच्या अंगात तेवढं बळ नव्हतं.

मग ते सोनाराकडून जुना काटा मागून आणून एकाच डबीतले छरे तोलून वेगळे करायला लागले. जड एकीकडं, हलके एकीकडं, आणि ज्यांचा घेर चेपलेला ते तिसरीकडं. बंदूक घट्ट दाबून धरायची नाही, हेही त्यांना उमगलं. स्प्रिंग सुटली की बंदूक आधी मागं येते आणि लगेच पुढं जाते, एस.टी.तल्या उभ्या माणसासारखी. तिला तिच्या मनानं हलू दिलं तर ती दर वेळी सारखीच हलते. दाबून धरलं तर दर वेळी वेगळी.

“माझ्या सुनेचं पण असंच हाय,” बसलिंगप्पा म्हणाला. “सोडून दिली तर सगळं नीट करती.”

शेवटी गोल डोक्याचे छरे निघाले. वजनानं मधले, दिसायला अगदी साधे, कुणी मागत नाही म्हणून दुकानात मागच्या फळीवर पडलेले. त्यांची सगळी भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. नरसिंगरावांनी तो रुपया पत्रिकेवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग त्यांनी झाकणाला छर्रा मारला. टण्ण. दुसरा मारला. टण्ण. राघू उडाले, अंगणाच्या कडेच्या कडुलिंबावर जाऊन बसले आणि थोड्या वेळानं परत आले. ते परत आले याचं नरसिंगरावांना काही वाटलं नाही. परत येणार नाहीत तर हाकलायचं कुणाला?

ह्या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती, पण त्यांनी ती मनावर घेतली नाही. राघू उडून परत येत. कावळे मात्र गेलेच. आधी भिंतीवर चार-सहा तरी असायचे. आता नरसिंगराव ओसरीवर आले की लांबच्या तारेवरचा कावळासुद्धा ओरडत निघून जायचा. बरं झालं, कटकट गेली, असं ते म्हणाले.

हे त्यांनी म्हटलं आणि पुढच्याच आठवड्यात गुणाबाईंचं वर्षश्राद्ध आलं.

ऋतुजा आणि बालाजीराव आदल्या दिवशी आले. गुणाबाईंची थोरली बहीण लक्ष्मीबाई इस्लापूरहून आल्या. लक्ष्मीबाईंचा आवाज गुणाबाईंच्याच जातीचा, फक्त वयानं पिकलेला. बंदूक कोठीत ज्वारीच्या पोत्यामागं गेली, छऱ्यांच्या डब्या पिठाच्या बिनझाकणाच्या डब्यात गेल्या. फांदीला लोंबणारं झाकण ऋतुजानं पाहिलंच. “बाबा, हे काय?”

“राघूंसाठी. वाऱ्यानं हलतं.”

“छान आहे की,” ऋतुजा म्हणाली. नरसिंगरावांना जरा अपराधी वाटलं, पण फार नाही.

श्राद्ध नीट पार पडलं. गुरुजींनी मंत्र भराभर म्हटले. त्यांना दुपारी लोह्याला दुसरीकडं जायचं होतं. पानं वाढून तयार होती. खीर, वडे, कढी, कारलं, भजी, सगळं गुणाबाईंच्या हातचं असायचं तसं करायचा ऋतुजानं प्रयत्न केला होता. एक पान कावळ्यासाठी भिंतीवर ठेवलं. कावळा शिवला की मंडळी जेवायला बसणार. गेलेल्याचा जीव कशात अडकलेला नसेल तर कावळा लगेच शिवतो, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

सगळे अंगणात उभे राहिले. नरसिंगराव पुढं, पानाच्या समोर हात जोडून. आभाळ कसं स्वच्छ धुतल्यासारखं होतं. त्यात एकही कावळा नव्हता.

“काव काव,” गुरुजींनी हाक दिली.

“काव, काव,” बालाजीरावांनी दिली. गणिताच्या मास्तरांची ती हाक फळ्यापुरतीच होती.

लक्ष्मीबाईंनी दिली तेव्हा शेजारच्या गल्लीतून दोन माणसं बघायला आली. कावळा आला नाही.

नरसिंगरावांनी कोठीच्या दाराकडं पाहिलं. कावळे का येत नाहीत ते त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. कारण कोठीतल्या पोत्यामागं होतं.

वाट बघता बघता भजी मऊ पडली. गुरुजींनी मोबाईल काढून वेळ पाहिली. “असं होतं कधीकधी. शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू आणि मोकळे होऊ.”

“गवताचा?” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “माझी भैन काय गवताची होती?”

गुरुजींनी मोबाईल खिशात ठेवला.

“तिचं कायतरी मागं राह्यलंय,” लक्ष्मीबाई नरसिंगरावांकडं वळल्या. “काय इच्छा होती का तिची? आठवा.”

“तसं काही बोलली नव्हती, अक्का.”

“तुमाला कशाला बोलंल? मला बोलली होती. तुळजापूरला वटी भरायची राह्यली म्हनली. मला संगं नेणार होती. अंबाबाईची आण, खोटं कशाला बोलू.”

“नेतो,” नरसिंगराव हात जोडून भिंतीकडं बघत म्हणाले. “अक्कांना तुळजापूरला नेतो.”

कावळा आला नाही. पण इच्छांना तोंड फुटलं होतं. अंबिका पदर सावरत पुढं आली. “मला बी एक आठवून राह्यलं, काका. गुणाकाकू लई डाव म्हनायच्या, तुमच्या लिंबाची ती फांदी आमच्या गच्चीवर येती, पानं पडत्यात, ती तोडून टाकायला पायजे.”

गुणाबाईंनी त्या फांदीवरून अंबिकाशी एकदा भांडण केलं होतं आणि फांदीला हात लावू दिला नव्हता. नरसिंगराव तसं म्हणणारच होते. पण अंबिकानं हळूच कोठीच्या दाराकडं पाहिलं आणि मग त्यांच्याकडं.

“तोडतो,” नरसिंगराव म्हणाले.

गल्लीतून बघायला आलेल्या दोघांपैकी एकानं, गुणाबाई नळाच्या पाइपाविषयी काही बोलल्या होत्या का, असं विचारलं. लक्ष्मीबाईंनी त्याच्याकडं बघितलं, तेव्हा तो गप्प झाला.

मग ऋतुजा पुढं आली. ती कुणाकडं बघत नव्हती, नुसती पानाकडं बघत होती. “आई,” ती म्हणाली, “तुझा जीव बाबांत अडकलाय ना? मी त्यांना इथं एकटं ठेवत नाही. आजच लातूरला नेते.”

 आणि त्याच वेळी लांबच्या तारेवर एक कावळा येऊन बसला.

“आला,” बालाजीराव पुटपुटले.

“हालू नका कुणी,” लक्ष्मीबाई कुजबुजल्या. ती कुजबुज तारेपर्यंत गेली असावी, पण कावळा बसून राहिला. त्यानं पानाकडं पाहिलं. मान वळवून नरसिंगरावांकडं पाहिलं. नरसिंगरावांच्या डोळ्यावर ऊन आलं होतं. त्यांनी सवयीनं हात कपाळाशी नेला. कावळा उडून गेला.

“बगितलं?” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “लातूरचं नाव काढलं तवा आला. हे गप राह्यले, तवा गेला. आता काय सांगायचं राह्यलं?”

“अक्का, तसं नाही ते. तो हातामुळं—”

“हात कामून मधी आणला मग?”

नरसिंगरावांची पंचाईत झाली. खरं सांगावं, कावळे आपल्याला ओळखतात, आपल्या हातात नेहमी काय असतं ते त्यांना ठाऊक आहे, तर बंदूक बाहेर काढावी लागणार. बंदूक बाहेर आली की ऋतुजा म्हणणार, एकटं राहून हे धंदे करता, चला लातूरला. खरं सांगू नये तर कावळा येणार नाही, आणि कावळा आला नाही की चला लातूरला. दोन्ही रस्ते अहमदपूरहून लातूरलाच जात होते.

“बाबा, म्हणा ना,” ऋतुजा म्हणाली. 

“येतो,” नरसिंगराव म्हणाले.

सगळे तारेकडं बघायला लागले. तार रिकामी होती.

“मनापासून म्हना,” लक्ष्मीबाई म्हणाल्या.

“मनापासून येतो.”

“असं का काटा मारल्यावानी म्हनता?”

एवढ्यात फाटकातून बसलिंगप्पा आला. त्याला जेवायला बोलावलं होतं आणि तो वेळेवर आला होता. अंगणात कुणी जेवत नाही असं बघून तो नरसिंगरावांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. “काय झालं?”

“कावळा येईना.”

बसलिंगप्पानं रिकाम्या आभाळाकडं पाहिलं, मग फांदीच्या झाकणाकडं पाहिलं. त्याला हसू आलं ते त्यानं मिशीत ठेवलं. “आमच्यात हे नसतंय बघा,” तो हळूच म्हणाला. “आमी लिंगाला हात जोडतो अन् जेवायला बसतो. बरं, तुमी जरा बाजूला व्हा की इथनं.”

“मी कर्ता आहे.”

“कर्ता हायत म्हनूनच तर येईना तो. जरा माझ्या दुकानाला जाऊन या. कायतरी आणायला म्हनून.”

हे नरसिंगरावांना पटलं. ताकाचं निमित्त करून ते निघाले. कर्ता असा मधेच जातो का, असं लक्ष्मीबाई विचारत होत्या, पण गुरुजी म्हणाले, जाऊ द्या, कढी तशीही दाटच झालीय. नरसिंगराव फाटकातून बाहेर पडले, कोपऱ्यावर वळले आणि बसलिंगप्पाच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांनी डोळे मिटले. ये बाबा, असं मनात म्हणाले. हे कावळ्याला म्हणाले की आणखी कुणाला, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

तोच घराकडून लक्ष्मीबाईंचा आवाज आला. त्यात शब्द नव्हते, नुसता आवाज होता. पुढच्या चौकातली रिक्षा थांबली.

नरसिंगराव लगबगीनं परत आले तेव्हा पंगत बसत होती. भिंतीवरच्या पानात एकही वडा उरला नव्हता. गुरुजींनी आपलं पान आधीच पुढं ओढलं होतं. “वा, नरसिंगराव, उत्तम शिवला. दोनदा शिवला,” ते म्हणाले. “खीर घेऊन गेला.”

 नरसिंगराव बाजेवर टेकले. गुणाबाईंचं सगळं रीतसर झालं होतं. आता लातूरचं कसं टाळायचं ते सावकाश बघता आलं असतं.

“ऐकलंत का?” लक्ष्मीबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. “तुमचा पाय उंबऱ्याभायेर पडला अन् कावळा आला. पाय पडला अन् आला. एवढं नखभर अंतर न्हाई मधी. माझी गुणा काय सांगून राह्यली ते आता लेकराला बी कळंल. तुमी ह्या घरातून निघा, म्हनून राह्यली ती.”

ऋतुजा आत होती. तिनं बॅग काढली होती आणि त्यांचे सदरे घड्या घालून ठेवत होती. डोळे पुसत होती आणि ठेवत होती. नरसिंगरावांनी ते दारातून पाहिलं आणि त्यांना कळलं की आता खरं सांगण्यावाचून इलाज नाही.

“तसं नाही,” ते म्हणाले. “कावळे मला भितात.”

“तुमाला?” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “तुमाला तर राघू बी भेत न्हाई, गुणा सांगायची.”

नरसिंगराव उठले, कोठीत गेले आणि बंदूक घेऊन बाहेर आले. पंगतीतले हात थांबले. गुरुजींनी पान उचलून किंचित मागं सरकवलं.

“बाबा, बंदूक?” ऋतुजा दारात आली.

“छऱ्याची आहे. खेळण्यातलीच म्हण.”

“तुम्ही इथं एकटे बसून बंदूक चालवता?”

“झाकणावर. फक्त झाकणावर. त्या आवाजानं कावळे पळाले ना. मी दिसलो की पळतात. म्हणून मी बाहेर गेल्यावर आला. तुझ्या आईचा त्यात काही संबंध नाही.”

“काका खरं सांगून राह्यलेत,” अंबिका म्हणाली. तिला फांदीचं वचन मिळालेलं होतं. “माझा टब फोडला त्येंनी.”

ह्या साक्षीचा उलटाच परिणाम झाला. ऋतुजानं कपाळाला हात लावला. बालाजीरावांनी वडा खाली ठेवला. लक्ष्मीबाई मात्र ढळल्या नाहीत. “जायचं न्हाई म्हनून कायबी सांगून राह्यलेत. एवढा एवढासा छर्रा अन् कावळा म्हनं वर्षभर भेतो.”

“दाखवू?” नरसिंगराव म्हणाले.

“दाखवा.”

कावळा गेलेला नव्हता. पेरूच्या झाडावर, झाकणापासून वीतभर अंतरावर बसून तो फांदीला चोच घासत होता. नरसिंगराव बंदूक घेऊन ओसरीच्या पायरीवर आले. सगळी पंगत उष्ट्या हातानं मागं उभी राहिली. कावळ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. बंदुकीकडं पाहिलं. आणि चोचीची दुसरी बाजू घासायला घेतली.

नरसिंगरावांनी बंदूक जरा हलवली. मग जरा जास्त हलवली.

“भ्यालं का?” लक्ष्मीबाईंनी विचारलं.

“थांबा की. अजून आवाज कुठं झालाय.”

त्यांनी नळी खाली मोडून उघडली, तोलून निवडलेला गोल डोक्याचा छर्रा बसवला, नळी सरळ केली. बंदूक सैल धरली, श्वास सोडला आणि चाप ओढला. टण्ण. छर्रा झाकणाच्या बरोबर मध्यभागी लागला. सबंध वर्षात इतका सुंदर नेम लागला नव्हता. नरसिंगरावांनी अभिमानानं मागं वळून पाहिलं. झाकणाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. लिंबावरचे राघू सगळे उडाले होते. झाकण फांदीखाली गरगर फिरत होतं. कावळा होता तिथंच होता. झाकण फिरायचं थांबेपर्यंत तो त्याच्याकडं बघत राहिला, आणि मग त्यानं मान नरसिंगरावांकडं वळवली.

“हे तुमचं भेनारं कावळं?” लक्ष्मीबाई म्हणाल्या.

बसलिंगप्पा काहीतरी म्हणणार होता. त्यानं तोंड उघडलं आणि त्यात भजं घातलं.

“मग मघाशी का आला नाही?” नरसिंगराव म्हणाले. हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. त्यांच्याकडं एक कारण होतं, चांगलं तोलून घेतलेलं, आणि तेच आत्ता त्यांच्या हातून गेलं होतं. ते पायरीवर बसले. बंदूक त्यांनी मांडीवर घेतली, मग बाजूला ठेवली.

ऋतुजा येऊन शेजारी बसली. “बाबा,” ती म्हणाली, “नसेल यायचं तर राहू द्या. मी आईला काहीतरी सांगेन.”

लक्ष्मीबाई ह्यावर काही बोलल्या नाहीत. त्या दिवसात पहिल्यांदाच बोलल्या नाहीत. नरसिंगरावांनी झाडावरच्या कावळ्याकडं पाहिलं.

“चार दिवस राहून बघतो,” शेवटी ते म्हणाले.

“मला कामून सांगता?” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “तिकडं सांगा.”

नरसिंगराव उठले. झाडाखाली गेले. मागं सगळी मंडळी उभी होती, त्यामुळं त्यांना जरा लाज वाटत होती. त्यांनी घसा खाकरला. “चार दिवस,” ते म्हणाले. आवाज बारीकच निघाला. मग त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. “चार दिवस जातो, गुणा. मग बघू.”

कावळा उडाला. घरावरून गेला आणि दिसेनासा झाला.

हा होकार समजायचा की नकार, ह्यावर बालाजीरावांच्या गाडीत अहमदपूरपर्यंत वाद चालला. होकार असता तर बसून राहिला असता, असं ऋतुजाचं म्हणणं पडलं. काम झाल्यावर कोण बसून राहतं, असं लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्या तुळजापूरसाठी बरोबरच आल्या होत्या. कावळा उडतो ही नुसती घटना आहे, तिला होकार-नकार काही नसतो, असं बालाजीराव एकदा म्हणाले आणि गाडी चालवत राहिले. नरसिंगरावांना कुणी विचारलं नाही. ते खिडकीशी बसून लातूरच्या रस्त्याकडेची झाडं बघत होते, आणि प्रत्येक झाडावर कावळा आहे का ते न्याहाळत होते.